राहून गेलेले हात

प्रमिलाबाई उदगीरकरांची आणि माझी पहिली ओळख एका तांब्यावरून झाली. हैदराबादच्या जामबागेतल्या आमच्या मराठी शाळेत मी पाचवीत होते. बाई त्या वर्षी नव्यानेच चित्रकला शिकवायला आल्या होत्या. त्यांनी टेबलावर पितळेचा तांब्या ठेवला आणि आम्ही सगळे तो काढायला बसलो. माझा तांब्या एका बाजूने आजारी म्हशीच्या पोटासारखा फुगला. मी वही घेऊन बाईंकडे गेले, पेन्सिल पुढे केली आणि म्हणाले, "बाई, एवढं नीट करून द्या की." आधीचे सर असं नेहमी करून द्यायचे. चौथीच्या माझ्या वहीतला मोर जवळजवळ त्यांचाच होता आणि त्यावर मला बक्षीसही मिळालं होतं.

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत गुंतवले आणि वाकून माझ्या तांब्याकडे पाहिलं. "कुठं बिघडलाय ते तुला दिसायलंय ना? मग मी कशाला?" मी हट्टी होते, पेन्सिल तशीच धरून उभी राहिले. बाईही तशाच उभ्या राहिल्या. शेवटी घंटा झाली आणि दोघींची सुटका झाली. घरी जाऊन मी आईला सांगितलं, की नव्या बाईंना स्वतःलाच तांब्या येत नसणार.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाचे बहुतेक वाचक त्यांचे विद्यार्थी आहेत, त्यांना ते पाठीमागे गुंतवलेले हात समजावून सांगायला नकोत. इतरांसाठी सांगते. विद्यार्थ्याच्या कागदाला बाई कधीही हात लावत नाहीत. रेष दाखवायचीच झाली तर वेगळ्या चिठोऱ्यावर दाखवतात, आणि मुलाने बघितलं की ते चिठोरं फाडून टाकतात, म्हणजे नक्कल करायला काही उरत नाही. शाळेतल्या इतक्या वर्षांत हा नियम त्यांनी कुणासाठीही मोडला नाही. शाळेला तपासणीसाठी मोठे साहेब यायचे तेव्हा इतर विषयांच्या वह्या आदल्या दिवशी घासूनपुसून चकचकीत व्हायच्या. आमच्या चित्रकलेच्या वह्यांतले तांब्ये मात्र जसेच्या तसे साहेबांसमोर जायचे.

निवृत्तीनंतर बाईंनी अंबरपेठेतल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर रविवारचा वर्ग सुरू केला. आमच्यासारख्या जुन्या हैदराबादी मराठी घरांतली मुलं तिथे येतात, तशी पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांतलीही येतात. ही मुलं मराठी बोलतात, पण वाचायला दिली की घाम फुटतो. बाईंनी त्यावर त्यांच्या पद्धतीचा उपाय काढला. वर्षभर एकच विषय घ्यायचा, त्यावर प्रत्येकाने शेवटी एक मोठं चित्र करायचं आणि वर्षअखेर त्यांचं प्रदर्शन भरवायचं. प्रत्येक चित्राखाली मुलाने स्वतःच्या हाताने, मराठीत, एक चिठ्ठी लिहून लावायची. त्या चिठ्ठीत एकच गोष्ट लिहायची: या चित्रात मला काय जमलं नाही.

पालक या चिठ्ठ्यांवर फार रागावतात. कुकटपल्लीच्या एका इंजिनीअर बाबांनी सगळं ऑफिस प्रदर्शनाला आणलं होतं. मुलाच्या चित्राखाली ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, "घोडा कुत्र्यासारखा झाला आहे." ते बाईंना म्हणाले, "अहो, पाहुण्यांसमोर तरी ही चिठ्ठी काढून ठेवायची!" बाईंनी चित्राकडे नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पण झालाय की हो." ते गृहस्थ आधी लाल झाले, मग हसले. त्यांची धाकटीही पुढच्या वर्षी वर्गात आली.

माझ्यावर बाईंचे उपकार पुष्कळ आहेत, त्यातला एक सांगते. लग्नानंतर मी कुकटपल्लीला गेले. नवरा पुण्याचा, आयटीतला, माणूस चांगला. पण घर, नोकरी आणि लहान मुलगी यांत माझा ब्रश सुटला तो सुटलाच. एकदा कोठीच्या बाजारात बाई भेटल्या. हल्ली काय काढतेस, असं त्यांनी मुळीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "रविवारी येत जा. पोरं ब्रश धुवत नाहीत, मला ओणवं होता येत नाही." मी ब्रश धुवायला म्हणून जाऊ लागले. काही महिन्यांनी माझ्याही समोर कागद आला. तो कुणी ठेवला हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

माझ्याबरोबर माझी मुलगी जुईही वर्गात यायला लागली. इथपर्यंत मी संपादक मंडळाचं ऐकलं. "मजकूर शक्यतो प्रसन्न असावा," असं त्यांनी मला कळवलं होतं. माझ्या घरात काय झालं ते त्यांना माहीत आहे, त्यामुळे ही सूचना खास माझ्यासाठीच असणार. पण बाईंबद्दल लिहायचं आणि जुईबद्दल नाही, हे मला शक्य नाही. कात्री त्यांच्याकडे आहे, त्यांना वाटेल तिथे त्यांनी चालवावी.

जुईचा रंगांवर हात चांगला होता. माणसाच्या हातांशी मात्र तिचं वैर होतं. माणूस काढला की ती त्याचे हात खिशात तरी घालायची, नाहीतर पाठीमागे तरी न्यायची. बाईंनी विचारलं तर म्हणायची, "बाई, हा तुमच्यासारखा उभा आहे." बाई हसायच्या, पण तेवढ्यावर सोडायच्या नाहीत. जुई सोळा वर्षांची झाली त्या वर्षी बाईंनी प्रकल्पाचा विषय जाहीर केला: घरातलं एक माणूस, हातांनी काम करताना. जुईने कपाळाला हात लावला. "बाई, नक्को ना! काहीतरी दुसरं द्या." बाई म्हणाल्या, "हेच करायचं. पळून कुठं जाशील?"

तिने मला निवडलं, कारण मी आयती सापडणारी होते. मी सकाळी स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून अंबाडीची भाजी निवडते, ते चित्र तिने घेतलं. एरवी मदतीला हाक मारली तर "लाइट ले मम्मी" म्हणून कानात इयरफोन घालणारी ही मुलगी आता समोर फतकल मारून बसायची आणि मला हलू द्यायची नाही. भाजी निवडायला मग दुप्पट वेळ लागायचा आणि मी करवादायचे. चित्र मोठं होत गेलं. अंबाडीचा ढीग झाला, तिचे लालसर देठ झाले, माझी पिवळी साडी झाली. कपाळावरची आठीसुद्धा तिने काढली. मी म्हटलं, "एवढी रागीट दिसते का गं मी?" ती म्हणाली, "हौ. ही कमीच आहे." मांडीवर जिथे माझे हात हवेत तिथे मात्र कागद पांढरा होता. "हात लास्टला," असं ती रोज म्हणायची.

पावसाळा संपत आला होता तेव्हा तिला ताप आला. डेंगू निघाला. आधी घरीच औषध चालू होतं, मग दवाखान्यात न्यावं लागलं, आणि मग डॉक्टर आमच्याशी फार हळू आवाजात बोलायला लागले. त्या दिवसांत बाई रोज अंबरपेठेहून दोन रिक्षा बदलून यायच्या आणि बाहेरच्या बाकावर बसायच्या. धीर देणारं काहीही त्या बोलल्या नाहीत. डब्यात मऊ भात आणायच्या आणि माझ्या नवऱ्याला जवळजवळ भरवायच्या. जुई गेली तेव्हाही त्या तिथेच होत्या. मी कुणाच्या तरी खांद्यावर पडले, तो बाईंचा होता हे मला पुष्कळ नंतर कळलं.

प्रदर्शन जवळ आलं तसं माझ्या डोक्यात एकच बसलं: चित्र पुरं झालं पाहिजे. सगळी मुलं आपापली चित्रं लावणार आणि माझ्या मुलीचं तेवढं अर्धं लागणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. तिचं आता काहीच पुरं होणार नव्हतं. बारावी नाही, कॉलेज नाही, काही नाही. एवढं एक चित्र तरी पुरं व्हावं. मी अंबरपेठेला गेले. जुईने तापाआधीच्या रविवारी वर्गात नेलेलं चित्र बाईंनी कपाटावर सपाट ठेवलं होतं, वर जुनं धोतर घातलं होतं. मी ते खाली काढलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, एवढे हात काढून द्या."

बाईंचे हात पाठीमागे गेले.

"बाई, मी पाया पडते तुमच्या. फक्त हात. तुम्हाला एक सकाळ पुरेल."

"मी काढले तर ते चांगले होतील गं," बाई म्हणाल्या.

"मग काढा ना!"

"जुईचे हात चांगले नसायचे. लोक माझे हात बघतील. पोरगी दिसणार नाही त्यात."

"आता तरी कुठं दिसायली आहे ती?" मी ओरडले.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायलासुद्धा त्यांनी हात पुढे आणला नाही. मी चित्र तिथेच टाकून निघून आले. रिक्षात मनातल्या मनात बाईंना जे जे बोलले ते या ग्रंथात छापता येणार नाही. इतकी वर्षं ज्यांना देवासारखं मानलं त्या बाईंना माझ्यापेक्षा, माझ्या मुलीपेक्षा स्वतःचा नियम मोठा वाटतो, असं मला वाटलं. नवरा म्हणाला, दुसऱ्या कुणाकडून तरी हात काढून घेऊ. ते मात्र मला नको होतं, आणि का नको होतं हे मला त्याला समजावून सांगता येईना.

कोठीजवळच्या एका सभागृहात प्रदर्शन भरलं. मी जाणार नव्हते. नवऱ्याने हाताला धरून नेलं. जुईचं चित्र मधल्या भिंतीवर होतं. मी चिडकी, पिवळ्या साडीत, समोर अंबाडीचा ढीग, आणि मांडीवर दोन पांढऱ्या जागा. खाली तिचं नाव होतं. नावाखाली चिठ्ठीही लावलेली होती, पण कोरी. लिहिणारीच उरली नव्हती.

प्रमुख पाहुणे एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. त्यांना कलेची खरी आवड होती आणि बोलणंही गोड होतं. जुई नाही हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं. भाषण करता करता ते तिच्या चित्रासमोर येऊन थांबले. म्हणाले, "या चित्राने मला हलवलं. ही आई राबते आहे, पण तिचे हात आपल्याला दिसत नाहीत. आईचे कष्ट कुणाच्या लक्षात येत नाहीत, हे एवढ्याशा मुलीने किती कमी रंगांत सांगितलं! ती हात काढायला विसरलेली नाही. तिने ते मुद्दामच काढलेले नाहीत."

सभागृह गहिवरलं. पदर डोळ्यांना लागले, टाळ्या वाजल्या. खरं सांगते, मलाही ते फार आवडलं. चित्र पुरं झालं, असं मला वाटलं. एका वाक्यात त्या माणसाने ते पुरं करून दिलं होतं. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाई उठल्या. बाई सभेत कधी बोलत नाहीत, आभारसुद्धा दुसऱ्याला मानायला लावतात. माईक त्यांना धरता येईना. त्या म्हणाल्या, "माफ करा. तुम्ही प्रेमाने बोललात. पण तसं नाहीये. तिला हात जमत नव्हते."

टाळ्या थांबल्या. पाहुणे गोंधळून हसले.

"लहानपणापासून टाळायची," बाई म्हणाल्या. "यंदाचा विषय मी मुद्दाम तिच्यासाठीच निवडला होता. म्हटलं, यंदा शिकवतेच हिला. तिला भीती वाटायची, म्हणून तिने हात शेवटी ठेवले. शिकत होती. शिकता शिकता गेली." त्यांचा आवाज फाटला, पण त्या खाली बसल्या नाहीत. "काय जमलं नाही ते लिहायची आमच्याकडे पद्धत आहे. तिचं लिहायचं राहिलं. म्हणून मी सांगितलं."

नवरा रागाने उठला. "चल इथून," तो म्हणाला. मीही उठले. आमच्याकडे उरलेली एकमेव सुंदर गोष्ट बाईंनी सगळ्यांसमोर काढून घेतली होती. आम्ही दारापर्यंत पोहोचलो तर जुईची मैत्रीण रुचिका धावत आली. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. ती म्हणाली, "आंटी, बाई बरोबर बोलल्या. तिला हात येतच नव्हते. दिवाळीचं चित्र आठवतं का? पूर्ण फॅमिली, सगळ्यांचे हात मागे. आम्ही तिला म्हणायचो, तुझी फॅमिली काय पोलीस स्टेशनला उभी आहे का?"

तिच्या मागून दुसरा एक मुलगा म्हणाला, "आणि क्रिकेटची टीम काढली होती, आंटी. विकेटकीपरचे पण हात खिशात!"

मला हसू आलं. कसं आलं ते माहीत नाही, पण पोटातून आलं, आणि त्याच्याच मागोमाग रडू आलं. जुई गेल्यापासून मी अशी रडलेच नव्हते. नवऱ्यानेही मान खाली घातली आणि तो हसत होता की रडत होता ते मला कळलं नाही. मुलं आमच्याभोवती उभी राहून तिच्या खोड्या सांगत होती: उधार घेतलेला रंग परत न करणं, कामाच्या वेळी समोसे आणायला पळणं, बाईंची नक्कल. पाहुण्यांच्या भाषणातली मुलगी समजूतदार होती, आईचे कष्ट ओळखणारी होती. ती मला फार आवडली होती. पण मी तिला कधी भेटले नव्हते. ही मुलं सांगत होती ती माझी होती. आळशी, हसरी, हात टाळणारी. ती परत माझ्याजवळ आली होती, आणि परत गेली होती.

त्या संध्याकाळी चित्र भिंतीवरून बाईंनीच उतरवायला लावलं आणि आमच्या गाडीत मागच्या सीटवर सपाट ठेवून दिलं. कोरी चिठ्ठी त्याला तशीच चिकटलेली होती.

गौरवलेखात शेवटी लेखकाने सगळं पटल्याचं लिहायचं असतं. मी ते लिहिणार नाही, कारण बाईंना खोटं आवडत नाही. त्यांनी हात काढून द्यायला हवे होते असं मला आजही एखाद्या दिवशी वाटतं. निदान एक. त्या म्हणतात ते बरोबर आहे हे मला कळतं, आणि तरी मला त्या पांढऱ्या जागेकडे बघवत नाही. बाईंना मी हे तोंडावर सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "मलाही वाटतं गं कधीकधी." एवढंच. मग चहा मागितला.

चित्र आता आमच्या बैठकीत आहे. बाई महिन्यातून एकदा तरी येतात. गुडघे गेले आहेत, साखर वर-खाली होते, आमच्या इमारतीतली लिफ्ट भरवशाची नाही, तरी येतात. आमच्या घरी येणारे बाकी सगळे त्या चित्रासमोर आले की आवाज खाली आणतात. किती गुणी होती, म्हणतात. किती गोड, किती शांत. शांत! ती शांत असती तर माझं निम्मं आयुष्य वाचलं असतं. त्यांची चूक नाही, गेलेल्या मुलीबद्दल लोक असंच बोलणार. तिचा स्वतःचा बापही आता तसंच बोलतो. मीसुद्धा बोलते. तिची आदळआपट, तिचा आळस, तिची उलट उत्तरं, सगळं हळूहळू झिजत चाललं आहे आणि फोटोतली हसरी मुलगी तेवढी उरते आहे, याची मला फार भीती वाटते.

बाई मात्र आल्या की चष्मा पुसून चित्रासमोर उभ्या राहतात. मागच्या वेळी म्हणाल्या, "पदराची घडी खोटी आहे बघ. घाई केली हिनं. सांगितलं होतं मी, साडी आधी नीट बघ म्हणून. ऐकते कुठं?" मग जवळ जाऊन अंबाडीची पानं पाहिली आणि म्हणाल्या, "ही बरी जमलीत. पण डाव्या बाजूला कंटाळा केलाय." त्या खरोखर चिडल्या होत्या. वर्गातल्या कुठल्याही मुलावर चिडतात तशाच. स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता मी ते ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं.

आदरणीय बाई, तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. तुमचे सगळे विद्यार्थी तुम्हाला निरोगी आणि दीर्घ आयुष्य चिंततील, मीही चिंतते. गुडघ्यांचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका, दुपारचं जेवण चुकवू नका. तुम्ही असाव्यात यात माझा स्वार्थ आहे, तो सगळ्यांसमोर कबूल करते. माझ्या मुलीला रागावणारं या जगात तुम्ही एकच माणूस उरला आहात. खूप जगा, बाई. तिला रागवायचं अजून पुष्कळ राहिलं आहे.